पहिल्या आधणाची राख

संयूने ‘पानी’ म्हणायचं सोडलं, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

दिवाळीत माझी पोर दीड वर्षाची होती आणि दिवसभर तिचं तोंड बंद नसायचं. पानी, मनी, आजा, गाय, आणि सगळ्यात लाडका शब्द ‘दे’. संक्रांत आली तशी मनी गेली, मग गाय गेली. एके सकाळी ती माठाजवळ जाऊन नुसती उभी राहिली आणि रडायला लागली. पाणी हवंय हे तिला कळत होतं, पण शब्द सापडत नव्हता. मी खाली बसून तिचं तोंड हातात धरलं आणि म्हटलं, “म्हन की गं, पानी म्हन.” ती माझ्याकडे बघत राहिली.

घरात सगळ्यांकडे उत्तरं तयार होती. माझे सासरे लालासाहेब म्हणाले, जंत झाले असतील. सासूबाई म्हणाल्या, दात येताहेत. शेजारणींनी एकमताने नजर लागल्याचा निकाल दिला. मी चिडले. मी रागीट आहे हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक आहे, त्यामुळे मी चिडले की लोक हसतात. माझ्या घाबरण्यालाही ते हसले.

आमचं गाव कोरेगावच्या अलीकडे. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, ऊस आहे आणि रस्त्याकडेला गुऱ्हाळ आहे. नवरा शंभूराज फौजेत, वर बर्फात. धाकटे दीर जयराज यांचं कोरेगावात मोबाईलचं दुकान.

त्या दुकानाबद्दल सांगायलाच हवं. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी जुने फोन उघडायचे, बिघडलेला भाग काढायचे, दुसऱ्या मेलेल्या फोनमधला चांगला भाग बसवायचे आणि ‘नव्यासारखा’ म्हणून विकायचे. माझा फोन असाच तयार झालेला आहे. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी तो जोडला होता. स्टीलच्या झाकणात सुटे स्क्रू ठेवून मी समोर धरून बसले होते. तिळाएवढे स्क्रू. भावजींना शिंक आली आणि एक उडाला. सगळं घर ओसरीवर रांगत होतं, मामासुद्धा. सापडला नाही. माझ्या फोनला खाली, चार्जर लावायच्या भोकाच्या एका बाजूला स्क्रू आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसतं भोक.

मग दिवस पालटले. जुना फोन वापरणं लोकांना कमीपणाचं वाटायला लागलं. भावजींनी पाटी बदलली, ‘जुना द्या, नवा न्या’. गणपतीत आणि दसऱ्याला दुकानापुढे उभं राहायला जागा नसायची. काचेला एक चरा गेला की फोन दिला, रंग आवडेना म्हणून दिला. पुढच्या आळीतल्या एका बाईने चांगला चालता फोन दिला, कारण तिच्या जावेचा गुलाबी होता. मी विचारलं, “भावजी, हे आता दुरुस्त करून का विकत न्हाई तुमी?” ते म्हणाले, “वहिनी, जुना घेतंय कोन आता? लोकास्नी खोकं फोडायची हौस.”

मलाही सगळे सांगत होतेच. “दीपे, त्ये डबडं बदल की आता,” सासूबाई म्हणायच्या. शंभूराज फोनवर म्हणायचे, “दीपमाला, नवा घे, चित्र लय पुसट दिसतंय.” मी नाही म्हणायचे. चालती वस्तू टाकायची, हे माझ्या जिवाला पटत नाही. शिवाय संयूच्या सगळ्या चित्रफिती त्यात होत्या.

त्यातही एक फीत शंभूराजांची फार लाडकी होती. ती देवापुढची.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. हंगामाला गुऱ्हाळाचं चुलवण, म्हणजे रस आटवायची भट्टी, पेटतं, पहिलं आधण, रसाची पहिली कढई, उतरतं, तेव्हा पहिला गूळ देवाला जातो आणि चुलवणातली राख चाळणीने चाळून देवघरात येते. वर्षभराचा अंगारा तोच. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, त्याला जिवापाड जपतात. सांजवात लागली की घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला बोट, आणि लेकरांच्या जिभेवर चिमूट. शंभूराजही असेच वाढले, जयराजही. संयूला ते इतकं आवडायचं की दिवा लागायच्या आधीच ती देवघरापुढे जाऊन उभी राहायची. हात जोडायची, डोळे घट्ट मिटायची आणि जीभ बाहेर काढायची. तिच्या बापाला हे बघून हसू आवरायचं नाही. रेंज आली की पहिला प्रश्न, “आज जीब काडली का माज्या वाघिनीनं?”

संक्रांतीनंतर तिने खाणं टाकलं. पोट धरून कळवळायची. चालता चालता पडायची. कोरेगावात दाखवलं, भुकेचं औषध मिळालं. आत्याबाईंनी त्यांच्या परीने उपाय केला. संध्याकाळच्या अंगाऱ्याबरोबर सकाळचाही सुरू केला.

एका दुपारी मी तिला भात भरवत होते. तिचा उजवा हात उडायला लागला. मला वाटलं खेळतेय. मग डोळे वर गेले, ओठ निळे पडले आणि अख्खं अंग ताठ झालं. मी किंचाळले ते गुऱ्हाळापर्यंत ऐकू गेलं, असं नंतर मामा म्हणाले. मला आवाज आठवत नाही. मला तिच्या तोंडातून बाहेर आलेला भात आठवतो.

कोरेगावच्या दवाखान्यात झटका थांबवला आणि मोठ्या ठिकाणी न्या म्हणाले. माझं माहेर सांगलीजवळचं, म्हणून आम्ही सांगलीला नेलं. आत्याबाई गाडीत आधी जाऊन बसल्या. “नातीला सोडून मी न्हाई ऱ्हायची,” एवढंच बोलल्या. हातात कपड्यांची पिशवी होती.

तिथले डॉक्टर भरतेश माझ्याच वयाचे असतील. त्यांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि एक दिवस आम्हाला आत बोलावून म्हणाले, “हिच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे.”

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. शिसं म्हणजे त्यांना बंदुकीची गोळीच आठवली असणार.

“पोटात गेलंय आणि रोज थोडं थोडं गेलंय,” डॉक्टर म्हणाले. “काजळ, कुंकू, कल्हईची भांडी, घराचा जुना रंग, गावठी औषधं, काहीही असू शकतं. शिसं बाहेर काढायचं औषध आपण देऊ. पण ते येतंय कुठून हे तुम्हीच शोधायचं. सध्या घरी नेऊ नका.”

“बोलंल ना परत?” मी विचारलं.

“येणं थांबलं तर आशा आहे. नाही थांबलं आणि असा झटका पुन्हा आला, तर मेंदूचं झालेलं नुकसान भरून येणार नाही.” त्यांनी हे सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. मी त्यांचे आभार मानले, का मानले कुणास ठाऊक.

औषधाने आकडा उतरला. संयू बसायला लागली, पेज पिऊ लागली. आम्ही तिला माझ्या माहेरी नेलं. मी भांडी नवी आणली, काजळ फेकलं, कुंकवाचा करंडा फेकला, हळदसुद्धा आईला बदलायला लावली. गावाकडचं घर, तिथली विहीर, भिंती, सगळं लांब राहिलं होतं. आता येणार कुठून, असं म्हणून मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट झोपले.

पुढच्या तपासणीत आकडा चढला.

डॉक्टर कागद दोनदा वाचत होते. मग म्हणाले, “म्हणजे ते घरात राहिलेलं नाही. तुमच्याबरोबर इथं आलंय.”

ही भीती मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. तोवर मला वाटत होतं, वाईट काहीतरी तिकडे आहे आणि आपण पळून आलोय. आता कळलं, ते आमच्याच गाडीत बसून आलं होतं. माझ्या आईच्या हातची पेज मी आधी स्वतः चाखायला लागले, जशी काही चाखून शिसं कळणार होतं. संयूचे कपडे पुन्हा पुन्हा उकळले. माझ्या अंगावर प्यायची अजून, तेही तोडलं, आपल्याच दुधात असेल म्हणून. ती माझ्या छातीशी डोकं घासून रडायची आणि मी तोंड फिरवून बसायचे. एवढंच कशाला, मी आत्याबाईंवर पाळत ठेवली. नात नकोशी झालेल्या सासवा असतात, असं काहीबाही मनात आलं. ज्या बाईने दवाखान्याच्या फरशीवर बसून रात्री काढल्या, तिच्याबद्दल. भीतीने माणूस किती खाली उतरतो, ते मी तेव्हा बघितलं.

आणि पाळत ठेवली म्हणूनच मला दिसलं.

दिवेलागणीची वेळ होती. आईने माझ्या माहेरच्या देवापुढे निरांजन लावलं. संयूला उभं राहवत नव्हतं, आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं होतं. दिवा दिसताच पोरीने हात जोडले, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. बोलणं विसरली होती, पाणी मागणं विसरली होती, पण हे विसरली नव्हती. आत्याबाईंनी कनवटीची पितळी डबी काढली, उघडली आणि चिमूट घेतली.

मी त्यांचा हात धरला.

“सोड, दीपे. अंगारा हाय त्यो.”

“कवापास्नं देताय हितं?”

“रोजच की. दवाखान्यात बी दिलाय. त्याच्याच जिवावर तर...”

“ती डबी द्या.”

“देवाचं हाय, डोकं फिरलं काय तुजं?”

मी डबी हिसकावून घेतली. हो, हिसकावली. आजवर त्यांच्या अंगावर कधी हात टाकला नव्हता. अंगारा ताटलीत ओतला आणि बोटाने पसरत गेले. राख मऊ होती, चांगली चाळलेली. काय शोधतेय ते मलाच माहीत नव्हतं. कडेला बोटाला काहीतरी टोचलं. मी ते उचलून दिव्याजवळ धरलं.

तिळाएवढा स्क्रू होता. काळा पडलेला, पण डोक्यावरची फुली साफ दिसत होती.

मी माझा फोन काढला आणि उलटा केला. चार्जरच्या भोकाच्या एका बाजूला असलेल्या स्क्रूशेजारी तो धरला. तोच. म्हणजे तसाच; माझा हरवलेला नव्हे. माझा आमच्या ओसरीच्या फटीत कुठंतरी पडलाय. हा दुसऱ्या कुणाच्या तरी फोनचा होता. फोनमधला स्क्रू चुलवणाच्या राखेत कसा येईल, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. मी त्याच फोनवरून भावजींना फोन लावला.

“भावजी, चुलवणात काय जाळलं तुमी?”

पलीकडे दुकानातला आवाज होता, गिऱ्हाईक होतं. मग दार लावल्याचा आवाज आला.

“तुमाला कुनी सांगितलं, वहिनी?”

“काय जाळलं?”

“आवं, भंगार. ज्ये पुण्याला बी कोन घेत न्हाई त्ये. फोनच्या आतल्या पाट्या, चार्जर, वायरी. पोती साठलीती. जाळलं की तांबं सुटं हुतंय, त्ये घ्यायला मानूस येतोय. दसऱ्याच्या आदी गुऱ्हाळ बंदच हुतं. धुराडं उंच हाय, कुनाला तरास न्हाई म्हनून...”

“आन राख?”

“राख व्हय... राख आतच ऱ्हायली आसंल. मग हंगामाला वडलांनी वरनंच जाळ घातला.” या घरात वाढलेल्या माणसाला पहिल्या आधणाच्या राखेचं पुढे काय होतं, ते सांगावं लागत नाही. त्याच्याही जिभेवर ती ठेवलेली होती.

“वहिनी,” ते म्हणाले, “संयूला?”

“रोज,” मी म्हणाले. “दोन टायमाला.”

पलीकडून असा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला.

आत्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होत्या. चिमूट अजून सुटली नव्हती.

“माज्या हातानं,” त्या म्हणाल्या. मग एकदम उठल्या. “दीपे, फोन लाव. आळीत पुड्या बांदून वाटल्यात मी. नानासोच्या घरी दिलीया. भाऊसोची सून पोटुशी हाय, तिला दिलीया. लाव गं, लाव लवकर.”

त्या घराघराचं नाव सांगत गेल्या आणि मी फोन लावत गेले. माझ्या डबड्यावरून. पलीकडे सगळ्यांचे नवे फोन होते, दसऱ्याला भावजींकडून घेतलेले, आवाज कसा खणखणीत येत होता. प्रत्येकाला मी तेच सांगत होते, “अंगारा खाऊ नका, लेकरास्नी देऊ नका.” कुणी घाबरलं. कुणी म्हणालं, देवाच्या अंगाऱ्याला नाव ठेवतेस, तुझं बरं व्हायचं नाही. भाऊसोची सून बारीक आवाजात म्हणाली, “मी तर रोज घेतलाय, वहिनी. आता काय करू?” मी तिला डॉक्टर भरतेशचा नंबर दिला.

राखेची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मान हलवली. तेच होतं. नव्याने औषध सुरू झालं आणि या वेळी आकडा उतरला तो उतरतच राहिला. भाऊसोची सून आणि आळीतली दोन लेकरं यांचंही रक्त तपासलं. त्यांचं थोडक्यावर भागलं, असं डॉक्टर म्हणाले. सुनेचं बाळ यायचंय अजून. ती मला रस्त्यात भेटली की पोटावर पदर ओढून घेते आणि मी नजर खाली घालते, जसं काही मीच केलंय.

गावाकडे मामांनी चुलवण विझवलं आणि आत उतरून राख पोत्यांत भरली. काही आधीच विहिरीकडच्या उसात टाकलेली होती, खत म्हणून. तिथली वरची माती खरवडून तीही भरली. आता पोती ठेवायची कुठं? जयराज या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. एकाने म्हटलं आमच्याकडे येत नाही, दुसऱ्याने म्हटलं अर्ज करा. ती पोती आज गुऱ्हाळाच्या खोलीत कुलपात आहेत. पाऊस आला की मामा उठून छप्पर बघायला जातात. विहिरीचं पाणी आम्ही पीत नाही, पण ऊस पितोय, आणि त्या उसाचं काय करायचं यावर घरात कुणीच बोलत नाही.

भावजींनी पाटी काढली. पुन्हा जुने फोन उघडून बसतात. गिऱ्हाईक कमी झालं. कुणी नवा मागितला तर आधी हातातला बघायला मागतात आणि म्हणतात, “ह्यो चालतोय की. ह्येचा जीव का घेताय?” लोक त्यांना आता वेडा म्हणतात. मला त्यांचा राग अजून येतो. पण परवा त्यांनी माझ्या फोनच्या रिकाम्या भोकात स्क्रू बसवून देऊ का विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं आणि आम्ही दोघंही रडलो.

मे महिन्यात आम्ही संयूला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले होते, रक्त आता ठीक आहे, शब्दांची वाट बघा. किती येतील, कधी येतील, ते सांगता येत नाही. शंभूराज सुट्टीवर आले. आल्यापासून तिच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, “पानी. म्हन बाळा, पानी.” ती त्यांच्या मिशीला हात लावायची.

एका संध्याकाळी मी सांजवात लावली. देवघरातून डबी कधीच गेली होती, आत्याबाई आता लांब खांबाशी बसून नुसते हात जोडतात. दिवा उजळला आणि संयू आपली आपण उठली. कुणाचा हात न धरता चालत आली. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. तिचे ओठ हलले. यांनी माझा दंड घट्ट धरला. माझ्या मनात एकच होतं, बोल, काहीही बोल, ‘दे’ म्हण.

संयूने हात जोडले. डोळे घट्ट मिटले. आणि जीभ बाहेर काढली.

कुणी हललं नाही. खांबाशी आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी तिला उचलायला हवं होतं, पण मला पाऊल उचलवेना. दिव्यापुढे ती तशीच उभी राहिली, रोजची चिमूट अजून का येत नाही म्हणून वाट बघत.